डेबियनमधलं क्रॉन अजून ३.०पीएल१ च का, आणि अपग्रेड करताना त्याचं काय करायचं

भावा, प्रश्न मोठा विचारलायस म्हणून उत्तरही जरा मोठं होणार. तुझं म्हणणं थोडक्यात असं, की शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत तुझ्याकडं डेबियन ११ (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टीम) वर चाललेले सर्व्हर आहेत, रात्रीचे बॅकअप, हीट रिपोर्ट, डिस्पॅचचे मेल असलं सगळं क्रॉनवर (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्रामवर) आहे, आता १२ आणि मग १३ वर जायचंय, नि पॅकेज बघितलंस तर व्हर्जन ३.०पीएल१, म्हणजे तुझ्या जन्माआधीचं. मग हे कुणी सांभाळतंय का तसंच पडलंय, क्रॉन सोडून सगळं सिस्टिमडीच्या (मशीनवरच्या सगळ्या सर्व्हिस सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) टायमरवर न्यावं का, आणि आपल्याला त्यात काही हातभार लावता येतो का.

आधी व्हर्जनचं बघू, कारण तिथंच सगळ्यांची गल्लत होते. पॉल विक्सीनं हे क्रॉन पहिल्यांदा १९८७ ला सोडलं, तिसरं व्हर्जन आलं १९९३ च्या शेवटाला. पुढं २००४ ला आयएससी क्रॉन नावानं ४.१ आलं, रेड हॅटवाल्यांनी (दुसरं लिनक्स काढणारी कंपनी) २००७ मध्ये क्रोनी म्हणून वेगळी फांदी काढली नि फेडोरा, रेड हॅट त्याच्यावर गेले. डेबियन मात्र ३.०पीएल१ वरच राहिलं. पण त्याच्यापुढं जे डॅश आणि आकडा असतो तो बघ की. तुझ्या ११ मध्ये तो १३७ आहे, १२ मध्ये १६२, १३ मध्ये १९७. हा आकडा म्हणजे डेबियनच्या माणसांनी त्या मूळ कोडवर चढवलेली दुरुस्ती. उद्यमनगरात एखादी जुनी लेथ असते बघ, नेमप्लेट आजोबांच्या काळातली आणि आतलं स्पिंडल, बेअरिंग, मोटर सगळं बदललेलं, तसलाच प्रकार. ११ ते १३ च्या मधल्या चार वर्षांत आकडा साठनं पुढं गेलाय, पडलेलं पॅकेज असं पळत नाही.

आता तू म्हणशील मग नवीन व्हर्जन घेऊन मोकळे का नाही झाले. कारण क्रॉन हे असलं सॉफ्टवेअर आहे की लोकांनी त्याच्या चुकांवरसुद्धा भरवसा ठेवलाय. कुणाच्या तरी सर्व्हरवर दहा-पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेली एक लाइन असते, लिहिणारा माणूस पुण्याला नाहीतर बेंगळुरूला निघून गेलेला असतो, आणि ती लाइन रोज रात्री निमूट चालत असते. तिचा अर्थ बदलला तर कळणार कुणाला, नि कधी? म्हणून स्टेबल म्हणजे लोकांनी रोज वापरायच्या पक्क्या रिलीजमध्ये क्रॉन सांभाळणाऱ्याचं निम्मं काम हे नवीन काही घालायचं नसून जुनं वागणं बिघडू द्यायचं नाही हे असतं.

एक उदाहरण देतो, आपल्याकडच्या पतसंस्थांत हे फार दिसतं. दुसऱ्या शनिवारी बँक बंद, तर त्या रात्री मोठा बॅकअप घ्यायचा म्हणून कुणीतरी लिहितो "० २० ८-१४ * ६" (रकाने ओळीनं मिनिट, तास, तारीख, महिना नि वार; ६ म्हणजे शनिवार). दुसरा शनिवार कायम ८ ते १४ तारखेतच येतो, त्यामुळं बघायला अगदी बरोबर वाटतं. पण क्रॉनमध्ये तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरले की दोन्हीपैकी एक जरी जुळलं तरी जॉब चालतो. म्हणजे हा बॅकअप ८ ते १४ रोज चालणार आणि वर महिन्यातला प्रत्येक शनिवार. डिस्क भरली की मग शोधाशोध. आता हे विचित्र आहे हे सगळ्यांना मान्य, पण पॉसिक्स या युनिक्ससारख्या सिस्टीमच्या मानकात असंच लिहिलेलं आहे आणि जगभर याच्यावर टेकलेल्या लाइनी पडल्यात, त्यामुळं कुठलाही शहाणा मेंटेनर याला हात लावणार नाही. उपाय आपणच करायचा, तारखेचा रकाना ८-१४ ठेवायचा, वाराच्या जागी चांदणी, आणि कमांडच्या सुरुवातीला डेट कमांडनं आज शनिवार आहे का ते तपासून मगच पुढं जायचं. फक्त तिथं टक्क्याच्या चिन्हाआधी बॅकस्लॅश दे, नाहीतर क्रॉन टक्का म्हणजे नवी ओळ समजतं नि कमांड अर्धीच तुटते. हा टक्का निम्म्या लोकांना एकदा तरी चावलेला असतो.

डेबियननं त्या जुन्या कोडमध्ये काय काय घातलं म्हणशील तर ईटीसीमधला (म्हणजे सेटिंगांच्या फोल्डरमधला) क्रॉन-डॉट-डी फोल्डर वाचायची सोय, पॅमचा (अकाउंट चालू आहे का तपासणाऱ्या व्यवस्थेचा) सपोर्ट, एसईलिनक्स (सुरक्षेची जादा कडी), घड्याळ पुढंमागं केल्यावर तीन तासांच्या आतला फरक असेल तर जॉब चुकू नये नि दोनदाही चालू नये याची काळजी (भारतात डेलाइट सेव्हिंग नाही त्यामुळं आपल्याला याचं विशेष काही नाही). मला यातलं सगळ्यात आवडतं ते अ‍ॅट-रिबूटचं. हा जॉब मशीन चालू झाल्यावर एकदाच चालायला पाहिजे, पण क्रॉनला मशीन चालू झालंय का फक्त आपण रिस्टार्ट झालोय हे कसं कळणार? पॅकेज अपडेट झालं की क्रॉन रिस्टार्ट होतंच. मग दर सिक्युरिटी अपडेटला तुझा अ‍ॅट-रिबूटचा जॉब परत चालला असता. म्हणून डेबियनचं क्रॉन पहिल्यांदा सुरू होताना रन नावाच्या, मशीन बंद झालं की रिकाम्या होणाऱ्या फोल्डरमध्ये एक खुणेची फाइल ठेवतं, ती दिसली की समजायचं हे बूट नव्हे. तसंच सर्व्हिस फाइलमध्ये किलमोड प्रोसेस असं ठेवलंय, म्हणजे क्रॉन रिस्टार्ट झालं तरी त्यानं आधी सुरू केलेला तुझा तीन तासांचा डंप मरत नाही. वापरणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

आता रिलीजमध्ये दुरुस्ती जाते कशी. नवीन बदल आधी अनस्टेबलमध्ये (डेबियनच्या कच्च्या शाखेत) जातो, तिथं काही दिवस कुणी गंभीर बग कळवला नाही, ऑटोमॅटिक टेस्ट पास झाल्या की टेस्टिंगमध्ये, मग रिलीज जवळ आलं की फ्रीझ, त्यात दिवसेंदिवस दार बारीक होत जातं, आणि शेवटी स्टेबल. एकदा स्टेबल झालं की मग पॅकेजात काहीही आणि कधीही घालता येत नाही. दुरुस्ती आधी अनस्टेबलमध्ये झालेली पाहिजे, मग तेवढाच पॅच स्टेबलच्या व्हर्जनवर चढवून जुन्या-नव्यातला नेमका फरक रिलीज टीमला दाखवायचा, कारण सांगायचं, त्यांनी होय म्हटलं की ते पुढच्या पॉइंट रिलीजमध्ये (स्टेबलसाठी अधूनमधून येणाऱ्या दुरुस्त्यांच्या गठ्ठ्यात) येतं. असल्या व्हर्जनच्या शेपटाला डेब१२यू१ असलं काहीतरी असतं, ते दिसलं की समज ही स्टेबलमधली दुरुस्ती. सिक्युरिटीचं तातडीचं असेल तर ते वेगळ्या वाटेनं लवकर येतं. "नवीन फीचर छान आहे" हे कारण इथं चालत नाही, मी तर म्हणेन चालूच नये.

आणि क्रॉनमधली भोकं कुठं निघतात हेही बघण्यासारखं आहे. सीव्हीई-२०१७-९५२५ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या भोकाला मिळणारा जाहीर नंबर) हा डेबियनच्या क्रॉन पॅकेजातला होता, पण तो क्रॉनच्या डीमनमध्ये (मागं सतत चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) नव्हताच! पॅकेज बसल्यावर जी पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्ट रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालते ती युजरांच्या क्रॉनटॅबच्या (जॉबांच्या याद्यांच्या) फोल्डरमध्ये चोन आणि सीएचमॉड (मालकी नि परवानगी बदलणाऱ्या कमांड) करत होती, आणि क्रॉनटॅब ग्रुप ज्याच्या हातात आला त्यानं तिथं सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडं बोट दाखवणारी फाइल) ठेवली तर थेट रूट होता येत होतं. मेंटेनरनं परमिशन नीट राहाव्यात म्हणून चांगल्या हेतूनं लिहिलेल्या दोन ओळी. २०१९ मध्ये आणखी निघाले, त्यातला एक असा की कुणी युजरनं अवाढव्य क्रॉनटॅब दिला तर डीमन मेमरी खात बसायचं, मग ओळींच्या संख्येवर मर्यादा आली. तू स्वतःचं डेब पॅकेज बनवत असशील तर पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्ट दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घे, एवढंच सांगतो.

आता तुझ्या अपग्रेडकडं येऊ. ११ चा एलटीएस (लांबवलेला सपोर्ट) ऑगस्ट २०२६ अखेरपर्यंतच आहे त्यामुळं जायचं ते जायचंच, आणि ११ वरून थेट १३ वर उडी मारता येत नाही, मधे १२ वर थांबावंच लागतं.

पहिलं बघायचं म्हणजे तुझे जॉब राहतात कुठं. ईटीसीतल्या क्रॉनटॅब फाइलमध्ये कुणी हातानं लाइनी घातल्या असतील तर त्या आजच तिथून काढ. ती फाइल पॅकेजची आहे. तू बदललेली असलीस आणि पॅकेजनंही बदलली की डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) विचारतं तुझी ठेवू का माझी घालू, रात्री अडीचला डोळे मिटत असताना माणूस काहीही दाबतो. १२ मध्ये ही फाइल क्रॉन-डीमन-कॉमन नावाच्या वेगळ्या पॅकेजात गेलीय, म्हणजे क्रॉनच्या जागी सिस्टिमडी-क्रॉनसारखं दुसरं काही बसवलं तरी तीच वापरता यावी. तुझे जॉब क्रॉन-डॉट-डीमध्ये तुझ्या नावाच्या फाइलीत ठेव, उदाहरणार्थ फौंड्री-बॅकअप, तिला कुठलंही पॅकेज हात लावणार नाही. त्यात पाच रकान्यांनंतर युजरचं नाव लागतं हे विसरू नको, फाइल रूटच्या मालकीची पाहिजे, ग्रुपला किंवा इतरांना लिहायची परवानगी नको, आणि शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलेला पाहिजे.

फाइलच्या नावात डॉट घालायचा नाही. बॅकअप.एसएच असं नाव देऊन क्रॉन-डेलीमध्ये (रोज चालायच्या स्क्रिप्टांच्या फोल्डरमध्ये) टाकलं की ते कधीच चालत नाही नि एररही येत नाही. लोक याला शिव्या घालतात पण यामागं कारण आहे, अपग्रेडमध्ये डीपीकेजी जुन्या-नव्या फाइली डीपीकेजी-डिस्ट, डीपीकेजी-ओल्ड असलं शेपूट लावून तिथंच ठेवतं, डॉटवाली नावं चालली असती तर प्रत्येक जॉब दोनदा चालला असता.

युजरांचे म्हणजे क्रॉनटॅब -ई नं केलेले जॉब व्हारमधल्या स्पूलच्या फोल्डरात असतात, ईटीसीत नव्हे. लोक अपग्रेडआधी ईटीसीचा बॅकअप घेतात आणि हे राहून जातं. तेही घे. आणि जमलं तर या निमित्तानं ते सगळे क्रॉन-डॉट-डीमध्ये आण, सोडून गेलेल्या माणसाच्या लॉगिनखाली पगाराची फाइल तयार होत असलेली मी आपल्याच जिल्ह्यात बघितलीय. शिवाय पॅममुळं एक भानगड होते, ऑडिटवाल्यांनी सांगितलं म्हणून सगळ्या अकाउंटना ९० दिवसांची पासवर्ड एक्स्पायरी लावतात, त्यात जॉबचं अकाउंटही येतं, मुदत संपली की क्रॉन त्या युजरचा जॉब चालवत नाही. लॉगमध्ये येतं, पण लॉग बघतोय कोण.

लॉगवरनं आठवलं. १२ पासून नवीन इन्स्टॉलमध्ये आरसिसलॉग (लॉगच्या फाइली लिहिणारा प्रोग्राम) येत नाही, त्यामुळं व्हार-लॉगमध्ये सिसलॉग फाइल नाही म्हणून घाबरू नको, जर्नलसीटीएल -यू क्रॉन असं बघायचं. अपग्रेड केलेल्या मशीनवर जुना आरसिसलॉग राहतो. आणि मूळचं क्रॉन फक्त जॉब सुरू झाल्याचं लिहितं, संपल्याचं नाही, फेल झालेलंही नाही. ईटीसीमधल्या डिफॉल्टमध्ये क्रॉनची फाइल आहे, तिथं एल ऑप्शनला १५ दे, म्हणजे सुरुवात, शेवट, फेल नि प्रोसेस नंबर सगळं येतं (१, २, ४, ८ ची बेरीज). हे अपग्रेडच्या आधी आठवडाभर चालू ठेव, मग तुझ्याकडं आधी काय चालत होतं याची यादी तयार होते आणि नंतर तुलना करता येते. मेलचंही बघ, मशीनवर मेल पाठवणारं काहीच नसेल तर क्रॉन लॉगमध्ये "नो एमटीए इन्स्टॉल्ड" म्हणून लिहितं आणि तुझ्या स्क्रिप्टचं आउटपुट टाकून देतं. फार ठिकाणी हेच असतं, एरर रोज येत असते आणि रोज कचऱ्यात जात असते.

अपग्रेडनंतर जॉब बंद पडले की शिवी क्रॉनला बसते पण बहुतेक वेळा बदललेलं दुसरंच असतं. ११ मध्ये पायथन ३.९, १२ मध्ये ३.११, १३ मध्ये ३.१३. पिपनं (पायथनची मॉड्यूल बसवणाऱ्या कमांडनं) सिस्टीममध्ये टाकलेली मॉड्यूल जुन्या व्हर्जनच्या फोल्डरात राहतात आणि नव्या पायथनला दिसत नाहीत, वर १२ पासून पिप सिस्टीममध्ये टाकूच देत नाही, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (मॉड्यूलांसाठी वेगळा फोल्डर) कर म्हणतं. ते आधीच करून ठेव आणि क्रॉनमध्ये त्यातल्या पायथनचा पूर्ण पाथ लिही, कारण क्रॉनचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) लहानसा असतो नि तुझ्या लॉगिनचं काही त्याला माहीत नसतं. १३ मध्ये आणखी एक मोठा बदल, टेम्प फोल्डर आता मेमरीत असतो, डिस्कवर नाही, आणि निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकतो. तुझी स्क्रिप्ट डेटाबेसचा डंप आधी टेम्पमध्ये काढून मग झिप करत असेल तर आठ जीबीच्या मशीनवर काय होईल ते सांगायला नको. नवीन इन्स्टॉलवर टेम्पमधल्या १० दिवसांच्या आणि व्हार-टेम्पमधल्या ३० दिवसांच्या जुन्या फाइली आपोआप साफही होतात. डंपला स्वतःचा फोल्डर दे.

टाइमझोन. क्लाउडवरचं मशीन यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) असतं आणि डेबियनचं क्रॉन प्रत्येक जॉबला वेगळा टाइमझोन देऊ देत नाही, क्रोनीत ते जमतं. क्रॉन-डेली चालतं ६:२५ ला, यूटीसी धरलं तर आपल्याकडं सकाळचे ११:५५. म्हणजे ऐन कामाच्या वेळी रोजची साफसफाई. अ‍ॅट-डेली लिहिलं असशील तर ते यूटीसीच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला, दूध संस्थेचा सर्व्हर असला तर बरोबर सकाळच्या संकलनाच्या टायमाला! झोन एशिया-कोलकाता कर आणि क्रॉन रिस्टार्ट कर, नुसता झोन बदलून सोडू नको.

राहिला टायमरचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे, अपग्रेड आणि टायमरवर जाणं हे एकाच महिन्यात करू नको. काहीतरी बिघडलं तर कशामुळं ते कळणार नाही. नंतर मात्र काही जॉब टायमरवर खरंच चांगले बसतात. ऑफिसातले पीसी संध्याकाळी बंद होतात, किंवा लाइट जाते नि यूपीएस संपतो, तिथं पर्सिस्टंट चालू ठेवलं की चुकलेला जॉब मशीन चालू झाल्यावर होतो (हेच काम अ‍ॅनाक्रॉन पण करतं, पण दिवसापेक्षा बारीक नाही). पंधरा मिनिटांचा जॉब वीस मिनिटं चालला तर क्रॉन खुशाल दुसरा सुरू करतं, तिथं फ्लॉक (एका वेळी एकच चालू देणारी कमांड) लावावं लागतं, टायमरमध्ये आधीची सर्व्हिस चालू असेल तर दुसरी सुरू होतच नाही. वीस मशीन एकाच मिनिटाला एका एनएएसवर (नेटवर्कवरच्या सामाईक डिस्कवर) तुटून पडत असतील तर रँडमाइज्ड डिले (प्रत्येकाला थोडा वेगळा उशीर) लाव. आणि सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ कॅलेंडरनं पुढची वेळ कधी येणार ते आधीच बघता येतं, क्रॉनमध्ये ही सोय नाही.

पण दोन ओळींच्या जॉबसाठी दोन फाइली लिहायच्या, आणि तुझ्यानंतर जो पोरगा येईल त्याला क्रॉनटॅब वाचता येतो पण टायमर कुठं शोधायचा हे ठाऊक नसतं, हाही खर्च धर. रोज रात्री दीडला एक स्क्रिप्ट चालवायचीय तर क्रॉन पुरेसं आहे. दोन्ही एकत्र सुखानं नांदतात, डेबियनच तसं करतं. लॉगरोटेटची (लॉग फिरवणाऱ्या प्रोग्रामची) क्रॉन-डेलीतली स्क्रिप्ट उघडून बघ, पहिल्यांदा सिस्टिमडी चालू आहे का बघते, असेल तर गुपचूप बाहेर पडते कारण ते काम टायमर करतो. तसंच चांगल्या पॅकेजांच्या क्रॉन स्क्रिप्ट सुरुवातीला आपला प्रोग्राम खरंच आहे का तपासतात. कारण पॅकेज रिमूव्ह केलं तरी ईटीसीतली स्क्रिप्ट पर्ज करेपर्यंत (सेटिंगांसकट काढेपर्यंत) तिथंच राहते. तुझ्या स्क्रिप्टांनाही ही सवय लाव.

अपग्रेडच्या रात्री जड जॉब मधे येऊन आदळायला नको असतील तर क्रॉन बंद करून उपयोग नाही, पॅकेज बसताना ते परत सुरू होतं. त्यापेक्षा क्रॉन-डॉट-डीमधल्या त्या फाइलच्या नावाला डॉट लावून शेपूट जोड, फौंड्री-बॅकअप.बंद असं, डॉटचा नियम आहेच, क्रॉन तिच्याकडं बघणार नाही. सकाळी नाव पूर्ववत करायचं काम कुणाचं ते मात्र आधीच ठरवून ठेव.

हातभार लावायचा म्हणतोस तर कोड लिहायच्या आधी क्रॉनच्या बगांची यादी वाच. त्यात वर्षानुवर्षं पडलेले रिपोर्ट असतात, काही तर कधीच सुटलेले असतात आणि कुणी बंद केलेले नसतात. एक घे, व्हर्च्युअल मशीनवर १३ आणि अनस्टेबल दोन्ही टाक, तो बग अजून होतो का बघ, आणि नेमका कुठला क्रॉनटॅब, काय अपेक्षित होतं, काय झालं एवढं साध्या इंग्रजीत लिहून त्याच रिपोर्टला उत्तर दे. मेंटेनरला पॅचपेक्षा याची जास्त गरज असते, पॅच पाठवायला लोक येतात, तपासायला येत नाहीत. हे जमलं की मग रिपोर्टबगनं (बग कळवायच्या डेबियनच्या कमांडनं) तुला सापडलेला बग कळव, सोबत छोटी टेस्ट दे. सुरुवातीला मॅन पेजमधली एखादी चुकीची ओळ पकडलीस तरी चालेल, तसल्या दुरुस्तीला कुणी नाही म्हणत नाही नि त्या निमित्तानं पॅकेज बांधायचं, फरक काढायचा, पाठवायचा हे सगळं हातातनं एकदा जातं.